झोपेपायी झालो मेहुणा

चहा घ्या आधी. पण मधेच हसलात तर पुढचं सांगणार नाही, कारण फजिती माझी आहे आणि ती चांगली मांडवभर लोकांसमोर झालेली आहे.

मी पिंप्राळ्यात एकटा राहतो. बायको गेली, मुलगी पुण्याला. एकदा फोनवर तिला म्हणालो, "दुपारनंतर अंगात त्राणच राहत नाही गं." ती म्हणाली, "पप्पा, जेवण झालं की वीसेक मिनिटं पडत जा. एनर्जी येते. पण डुलकीच हं, जास्त नाही."

सोपं वाटतं ना? घरी पडलो की झोप कुठली यायला! घर नुसतं खायला उठायचं. फ्रिज सुरू झाला तरी वाटायचं, कोणीतरी आलं. उठून बघायचो. कोणी नसायचं.

अशात मागच्या गल्लीत एक म्हातारी वारली. आमच्याकडे माणूस गेलं की उत्तरकार्यापर्यंत घरापुढे मांडव असतो आणि लोक भेटायला येऊन बसतात. याला दारावर जाणं म्हणतात. ओळख नव्हती, पण शेजारधर्म म्हणून मीही गेलो. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. बाजूला मोठा कूलर. चार माणसं हळू आवाजात केळीच्या भावाचं, कोणाच्या तरी गुडघ्याचं बोलत होती. आणि माझा डोळा लागला.

अशी झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. मला शांतता नको होती हो, माणसांचा आवाज हवा होता. उठलो तो एकदम तरतरीत.

मग काय, दुसऱ्या दिवशी जेवून परत गेलो. तिसऱ्याही. मान खाली आणि डोळ्यांवर रुमाल. उजेड लागतो म्हणून. बघणाऱ्याला वाटावं, माणूस रडतोय.

एकदा त्या घरातल्या एका अक्कांनी चहा पुढे केला आणि विचारलं, "तुम्ही मुक्ताईनगरचे का?" ते म्हातारीचं माहेर, हे मला काय माहीत? मी अर्धवट झोपेत म्हणालो, "हो, हो." झोपेत माणूस कशालाही हो म्हणतो की नाही?

तिथेच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवसापासून मी मामा. पोरीबाळी पाया पडायला लागल्या. कोणी मानेखाली उशी आणून दिली. "मामांना फार लागलंय," असं कानावर यायचं. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, कळतंय मला. पण घरी मला मामा म्हणणारं कोण होतं?

उत्तरकार्याच्या दिवशी तरी जाऊ नये ना? पण ती शेवटची झोप सोडवेना. गेलो, बसलो, झोपलो. तेवढ्यात म्हातारीच्या पुतण्याने हलवलं. "मामा, उठा. आबांना टोपी तुमच्याच हातून घालायची."

बायको वारली की सासरवाडीच्या माणसाने नवऱ्याला टोपी घालायची, मग त्याचा दुखवटा सुटतो. म्हातारीच्या माहेरी कोणीच उरलेलं नव्हतं. सगळी भिस्त माझ्यावर. माझ्या हातात पांढरी टोपी आणि समोर पाटावर आबा, म्हातारीचे यजमान, मूळचे धुळ्याकडचे.

टोपी पुढे नेली आणि मधेच थांबलो. म्हातारीच्या नावावर आणखी किती खोटं चालवायचं? म्हणालो, "आबा, मी मुक्ताईनगरचा नाही. मी तुमचा कोणीच नाही. मी इथे फक्त झोपायला येत होतो."

पुतण्या बाह्या सावरायला लागला.

"झोपाले येतस, हाई बठ्ठासले ठाऊक शे," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "तुमनं घोरनं चौकलगून ऐकू येस."

सगळा मांडव हसला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सगळ्यांना ठाऊक होतं, मग मला कोणी उठवलं का नाही?"

"मीच सांगेल व्हतं, त्यासले उठाडू नका." आबांनी डोळे पुसले. "ती घोरे, मंग माले झोप लागे. तो आवाज गया, तशी झोप गयी. तुमी आठे घोराले लागनात का माले आत घरमा डोया लागे."

मग त्यांनी मान पुढे केली. "घाला टोपी. तिना माहेरनं कोनी नई, ते तुमीच भाऊ. आन दुपारले येत जा."

मी टोपी घातली आणि तेव्हा मात्र खरंच रडलो.

मांडव निघाला, कूलर गेला, माणसं आपापल्या गावी गेली. मी रोज जातो. एका खाटेवर आबा, दुसरीवर मी. पण अंगावर जबाबदारी आल्यापासून मला झोपच लागत नाही. पलीकडे आबा कूस बदलत वाट बघत असतात. मग मी डोळे मिटून खोटं खोटं घोरतो, त्यांचा डोळा लागेपर्यंत. तो काही लवकर लागत नाही.

अंगात जोम यावा म्हणून दुपारची झोप धरली होती. आता रोज संध्याकाळी घोरून घोरून दमून घरी येतो.