काच माझी, भिंत मालकाची

भोकरदनला भाड्याच्या घरात राहत होतो तेव्हा मी गावोगाव फिरून फुटक्या बांगड्या घ्यायचो. ओंजळभर काचेला मूठभर फुटाणे. पोतं भरलं की जालन्याच्या भट्टीवाल्याला घालायचो. ना जमीन, ना बापाची ओळख. जे उभं केलं ते जिभेच्या जोरावर.

धाकटी बहीण विधवा होऊन माझ्याकडे आली. रंगाप्रमाणे काच निवडायचं काम तिला दिलं. एकदा बाजारातून परतलो, तर परसातली भिंत तिने ओल्या मातीने लिंपून तीत तुकडे दाबले होते. हिरव्याची पानं, पिवळ्याची फुलं, एक वाकडं झाड. उतरतं ऊन त्यावर पडलं होतं. ती काच मी फक्त वजनाने ओळखत होतो. पोतं खाली ठेवायचंही भान राहिलं नाही.

मग घरमालकाच्या बायकोने ते पाहिलं.

"मोकळ्या हाताच्या बाईनं बांगड्या मांडाव्या? आमच्या घरात लेकीसुना हायेत!"

मालक म्हणाला, "उद्या सारवून टाक."

माझं डोकं फिरलं. "बिलकुल न्हाई! काच माझी हाय, फुटाणे देऊन घेतलेली. माझ्या मालावर माती टाकणारे तुम्ही कोण? चला कचेरीत, होऊ द्या फैसला."

जमलेले शेजारी माना डोलवू लागले. मला वाटलं, जिंकलो.

"बराबर हाय," मालक शांतपणे म्हणाला. "काच तुझी, भिंत माझी. मंग तुझा माल काढून घे. आत्ताच."

चारचौघांत बोललेला शब्द मला गिळता येईना. बहिणीने आतून खुरपं आणलं.

"दादा, तू लई बोलतोस," एवढंच म्हणाली आणि एकेक तुकडा उकरू लागली. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. काच निघाली तरी खड्ड्यांचं झाड भिंतीवर दिसतच होतं. दुसऱ्या दिवशी मालकाने तेही लिंपून घेतलं. त्या माणसाच्या मयतीलाही मी गेलो नाही.

पुढे स्वतःचं घर बांधलं. मागची भिंत मुद्दाम मातीची ठेवली आणि दोन पोती काच बहिणीपुढे ओतली. तिने भिंतीवरून हात फिरवला.

"चुना लाव दादा, न्हाईतर पावसात भिंत बसंल."

मी चिडलो, विनवलं, पुन्हा चिडलो. तिने काच परत पोत्यात भरली.

भिंत अजून कोरीच आहे. दर दिवाळीला घरातले चुन्याचं नाव काढतात, आणि मी त्यांच्या अंगावर धावून जातो.