साहेबांचं उकळलेलं पाणी

आमचे साहेब विहिरीचं पाणी तपासायचे ते पिऊन. गोराईला होडीतून उतरलं की पँट सावरत, नाकाला रुमाल लावत ते वाडीत शिरायचे, मालकाने दिलेला तांब्या तोंडाला लावायचे आणि जाहीर करायचे, "पाणी गोड आहे हो." बाटल्या भरायचं काम माझं. साहेब तोवर ओटीवर बसून तळलेल्या बोंबलांची चौकशी करत. पाण्यात गोडी शोधणाऱ्या माणसाला अंधेरीच्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद कुणी दिलं, हे मला त्या नोकरीत कधीच कळलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भाजीच्या वाड्यांमध्ये युरिया भरमसाट पडायला लागला होता. तो झिरपून विहिरींत उतरतो का, हे बघायचं काम आमच्याकडे आलं होतं. युरियाचं मातीत नायट्रेट होतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. मोठ्या माणसाला सहसा काही जाणवत नाही. बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला मात्र ते घातक. रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि बाळ निळं पडतं. हे सगळं साहेबांच्या टेबलावरच्या जाडजूड पुस्तकात होतं. त्या पुस्तकावर ते चहाचा कप ठेवत.

पालकाच्या वाफ्यांना लागून एक विहीर होती. तिथे एक मालवणी कुटुंब राहायचं. संपात गिरणी सुटली म्हणून नवरा वाडीवर राबायला आलेला. बायकोला दूध पुरत नव्हतं, म्हणून बाळाला डब्यातली पावडर, त्याच विहिरीच्या पाण्यात कालवून. बाळाचे ओठ मला जांभळट दिसले. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "खाडीचा वारा आहे मॅडम, थंडीने होतं." एप्रिल संपत आला होता.

नायट्रेट शोधायची आमची रीत अशी होती: पाणी चिनीमातीच्या वाडग्यात घ्यायचं, वाफेवर पार आटवायचं, तळाशी जो पापुद्रा उरतो त्यावर आम्ल घालायचं आणि मग अमोनिया. नायट्रेट असेल तर पिवळा रंग येतो. त्या विहिरीचा वाडगा इतका गडद पिवळा झाला की मी पुन्हा एकदा करून पाहिलं. तसाच झाला.

मी साहेबांकडे गेले. "सर, त्या घरात तान्हं बाळ आहे. दुधाला दुसरं पाणी वापरा, असं आजच कळवायला हवं."

साहेबांचं उत्तर तयार होतं. प्रत्येक विहिरीला तेच जायचं: पाणी उकळून व गाळून प्यावे.

"सर, उकळून जंतू मरतात. नायट्रेट कुठे जाणार? पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. उलट दाट होतं."

"अहो, उकळलेलं पाणी आजवर कुणाला बाधलंय का? आणि असलं काहीबाही कळवलं तर उद्या सगळे वाडीवाले इथे येऊन बसतील. वाट लागेल आपली."

ज्या प्रयोगशाळेत रोज पाणी आटवून वाडग्यात नायट्रेट मागे ठेवलं जायचं, तिचा प्रमुख हे बोलत होता. मला राग नाही आला, किळस आली. मूर्खाची निदान कीव येते, साहेब एम.एस्सी. होते.

उत्तर पोस्टाने गेलं. पुढच्या रविवारी मी स्वतःच होडीने गेले. चुलीवर पातेलं रटरटत होतं. बाळ आईच्या मांडीवर मलूल पडलं होतं. आता ओठच काय, नखंही निळसर होती.

"तुमचो कागद इलो," ती म्हणाली. "आदी नुसता कोमट करी होतंय. आता निम्मा आटवतंय."

मी पातेलं चुलीवरून उतरवलं. "ओतून टाक ते. उकळलेलं नको आणि न उकळलेलंही नको. या विहिरीचं पाणीच बाळाला नको."

सासू दारातून म्हणाली, "कागदार सायबाची सही आसा. तुझी खय आसा?"

"बाळाला आत्ता बोरिवलीला नेऊ," मी म्हटलं, "माझं खोटं निघालं तर हव्या तेवढ्या शिव्या घाला." सून उठली आणि बाळाला पदरात गुंडाळून माझ्याबरोबर निघाली. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त काढलं, ते चॉकलेटी निघालं. मी विहिरीचं सांगितलं तसे ते धावपळीला लागले. बाळ वाचलं. पुढे नवरा रोज होडीतून नळाचं पाणी कॅनने घरी न्यायचा.

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं, बाळ मरता मरता कसं वाचलं तेही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा, उकळायला सांगितलं म्हणून वाचलं."

मी पुन्हा समजवायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी शिपायाला हाक मारली होती. हाताने लिहीत बसायला नको म्हणून 'पाणी उकळून व गाळून प्यावे' या वाक्याचा रबरी शिक्का करून घ्यायचा होता. थोड्याच दिवसांत शिक्का आला आणि इतर गावांच्या विहिरींची उत्तरं भराभर निघाली. त्यांतल्या कुठल्या घरात बाटलीवरचं बाळ होतं, हे मला आजतागायत ठाऊक नाही.