सकीनाच्या कार्डांवर माझा शिक्का

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी केलेली घासाघीससुद्धा रंगवून सांगते.

तशी मी सुखी बाई आहे. नाशिकला घर आहे, गुडघे अजून ऐकतात, झोप छान लागते. तुम्हाला वाटलं असेल, असलं काही पोटात ठेवून माणूस रात्रभर तळमळत असेल? नाही हो. मी घोरते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी कुवेतला, फहाहीलच्या एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. माझ्या हाताखाली सकीना — दापोलीकडची, असिस्टंट. मी पेशंट तपासून व्यायाम ठरवायचे, करून घ्यायची ती. म्हणजे कागदावर तसं. खरं तर — कसं सांगू — ठरवायचीही बरेचदा तीच. मी चहा प्यायचे आणि संध्याकाळी सगळ्या कार्डांवर, ‘उपचार करणारा’ या रकान्यात, माझा शिक्का मारायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मीच.

उम्म फहद नावाच्या आजींची एक बाजू लुळी पडली होती. सकीनाने त्यांना चार महिन्यांत जिना चढायला लावला. शिक्का माझा.

मग सरकारी नियमाचा मसुदा आला. सरकारी इस्पितळांतून आमच्याकडे पाठवलेल्या पेशंटांचे पैसे सरकार द्यायचं. आता असिस्टंटने केलेल्या उपचाराला निम्मेच देणार म्हणे. मग असिस्टंट ठेवणार कोण? आणि नोकरी गेली की इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना गेला, देश सुटला. सकीनाच्या दोन मुली तिच्या पगारावर शिकत होत्या. तिने आणि इतर असिस्टंटांनी मिळून विरोधाचा अर्ज केला — आमचं काम कमी प्रतीचं नाही, हवं तर येऊन बघा.

दोन अधिकारी खरंच बघायला आले. मला आत बोलावलं, तेव्हा सकीना दाराशी म्हणाली, “ताई, तुमी नुसता खरा काय ता सांगा.”

आत त्यांनी उम्म फहदचं कार्ड पुढे केलं. हिला चालतं कुणी केलं? सकीनाने — एवढंच तर म्हणायचं होतं.

मी म्हणाले, मी.

भीती वाटली होती का? थोडी. पण खरं सांगू? साहेब कौतुकाने मान डोलवत होते, आणि मला ते आवडत होतं. मग एकेक कार्ड निघालं. प्रत्येक वेळी — मी, मी. असिस्टंटांनी केलेलं काम कुठेच दिसेना.

बाहेर येऊन तिला म्हटलं, खूप सांगितलं गं, ऐकतच नाहीत. हेही मीच.

नियम लागू झाला. सकीना दोन महिन्यांत गावी परतली. धाकटी कशीबशी शिकली, थोरलीचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. त्या वर्षी माझा करार वाढवून मिळाला. आम्ही नवे पडदे घेतले. मला लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

सकीना दर ईदला फोन करते. मागच्या ईदला तिने तो थोरलीच्या हातात दिला. मागून तिचा आवाज येत होता, “हीच ती ताई, माझ्यासाठी सायबांशी भांडलेली.” मुलीने माझे आभार मानले.

मी म्हणाले, अगं, त्यात काय एवढं.