सहासष्टची फोर्ट्रान आणि आमच्या बाई

जुना प्रोग्रॅम बंद करण्याचा कागद सहीसाठी पुढे आला की बाई आधी त्यावर तळहात ठेवायच्या. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "अजून कोणाकडे आहे?"

"थोड्याफार लोकांकडे असेल," असं कोणी म्हटलं तर संपलंच.

"थोडेफार नावाचं गिऱ्हाईक मला माहीत नाही. नाव सांग."

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमची कंपनी होती. खाली स्क्रू बनायचे, वर आम्ही कारखान्यांसाठी हजेरीचे प्रोग्रॅम लिहायचो. बाई आमच्या प्रमुख. पंचकार्डांना भोकं पाडण्यापासून त्यांनी सुरुवात केलेली. माहेर मालवणकडचं, घर दिंडोशीला, बोलणं रोखठोक.

मी नवा होतो आणि पत्रकांवर वाढलेला. वडिलांच्या युनियनची पत्रकं वाटतच मी अक्षरं शिकलो. जुनं म्हणजे मोडून काढायचं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. आणि आमच्याकडे जुनं होतं ते फोर्ट्रान या प्रोग्रॅम लिहायच्या भाषेचं, सहासष्ट सालचं रूप. सत्त्याहत्तरचं रूप येऊन वर्षं लोटली होती. पण काही कारखान्यांच्या म्हाताऱ्या मशीनला फक्त सहासष्टच कळायची. म्हणून केलेला प्रत्येक बदल आधी आमच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर चालवून बघायचा, मगच बाहेर पाठवायचा, असा बाईंचा नियम होता.

जुनं कवटाळून बसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई त्यांतल्या नव्हत्या. बोरिवलीच्या कारखान्यात नवं मशीन आलं, त्याच दुपारी त्यांनी तिथली जुनी फाइल स्वतःच्या हाताने पुसली. मुलुंडचंही तसंच. उरला घाटकोपरचा एक कारखाना.

कंपनीचे मालक, म्हणजे आमचे साहेब, यांनी मला जुनी आवृत्ती बंद करण्याचं पत्र लिहायला सांगितलं. मी पेटून लिहिलं. 'कालबाह्य भाषेचं जोखड आता झुगारून द्या!' अशी सुरुवात होती.

बाईंनी वाचलं. "हे गिऱ्हाइकाला पाठवायचंय की मोर्च्यात वाटायचंय?"

"बाई, एका कारखान्यासाठी आपण किती दिवस अडून राहायचं?"

"त्या कारखान्यात माणसं आहेत ना रे, पत्रकवाल्या? का नुसतं मशीनच?"

सही झाली नाही. मी मात्र मनातल्या मनात सहासष्ट बंद करून टाकली. पुढचा बदल केला तो थेट नव्या पद्धतीने, आणि कोपऱ्यातल्या मशीनकडे न बघता फ्लॉपी घाटकोपरला पाठवली.

पंधरा दिवसांनी तिथल्या हजेरी कारकुनाचा फोन आला. घाडी नावाचा एक टेम्पररी कामगार भांडत होता. पोराला ताप होता म्हणून एक दिवस घरी राहिलो, यादीत दोन खाडे कसे लागले, असं विचारत होता. मेमो निघाला होता. त्या महिन्यात परमनंट करायच्या कामगारांत त्याचं नाव होतं. मेमो राहिला तर ते कापलं जाणार होतं.

"कॉम्प्युटर खोटं बोलतो काय?" कारकून फोनवर हसत होता.

बाई हसल्या नाहीत. मला घेऊन तशाच बसने घाटकोपरला गेल्या. तिथल्या मशीनपुढे बसून माझ्या ओळींवरून बोट फिरवत त्या एका जागी थांबल्या.

"पॅकिंग खात्यात खाडे किती?"

"शून्य."

"शून्य असेल तर नवी भाषा नाव छापतच नाही. सहासष्ट आधी एकदा छापते, मग किती नावं ते मोजते. हिला रिकामं खातं दिलंस, तिने आठवणीत उरलेलं आधीच्या खात्यातलं पहिलं नाव पुन्हा छापलं. घाडीचं."

मी म्हणालो, "बघा! म्हणूनच म्हणत होतो, ही भाषा बंद करा."

"ती कशी वागते ते पुस्तकात छापलेलं आहे. तू वाचलं नाहीस आणि चालवूनही बघितलं नाहीस. आता तिच्या नावाने ओरडू नको."

मग बाई पर्सोनेल ऑफिसरकडे गेल्या. "चूक आमची आहे, तुमच्या माणसाची नाही. लिहून देते," म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच लिहून दिलं. मेमो रद्द झाला. मी बाजूला उभा होतो. कामगारांच्या बाजूने इतकी पत्रकं वाटली, पण एका कामगाराच्या पोटावर पाय यायची वेळ आली ती माझ्यामुळे.

परतल्यावर साहेब वैतागले. आता तरी तारीख ठरवा, म्हणाले.

"बंद करायला माझी ना नाही," बाई म्हणाल्या. "पण तारीख आपल्या कॅलेंडरवरून नाही ठरायची. त्यांचं नवं मशीन येऊ दे. जुन्याची आणि नव्याची यादी चार आठवडे नावानिशी जुळू दे. पाचव्या आठवड्यात बंद."

नवं मशीन यायला सात-आठ महिने लागले. तोवर प्रत्येक बदल मी दोनदा चालवला. मग चार शुक्रवार आम्ही दोघे घाटकोपरला जाऊन याद्या शेजारी ठेवून वाचत बसलो. मी जुनी, त्या नवी. एकाही नावाचा फरक पडला नाही. चौथ्या शुक्रवारी बाईंनी बंद करण्याच्या पत्रावर सही केली. पत्र मीच नव्याने लिहिलं होतं, साध्या चार ओळींचं.

पुढच्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली आणि गावी गेल्या. घाटकोपर संपेपर्यंत थांबल्या होत्या, हे मला नंतर साहेबांकडून कळलं.

पण माझ्या डोळ्यांपुढे त्या येतात त्या त्याच चौथ्या शुक्रवारी. शिफ्ट सुटली होती. बाई फाटकाशी उभ्या राहून बाहेर पडणाऱ्यांच्या छातीवरचे बिल्ले बघत होत्या. परमनंट कामगाराचा बिल्ला लावलेला एक किडकिडीत माणूस त्यांच्यापाशी थांबला. बिल्ल्यावर नाव होतं घाडी.

"कोणाक भेटूचा हा, बाय?" त्याने विचारलं.

"कोणाक नाय रे," बाई म्हणाल्या. "माझा काम झाला."

तो मान हलवून गर्दीत मिसळला. बाई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या, मग पिशवी खांद्याला लावून बसस्टॉपकडे चालू लागल्या.