तीन वाजताची भरती

माझ्या सासऱ्यांची फियाट मी समुद्रात घातली, तेव्हा माझं गणित अगदी बरोबर होतं.

हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरी हा किस्सा निघाला की हा मुद्दा हटकून वगळला जातो.

माझे सासरे, म्हणजे आप्पा, मूळचे रत्नागिरीकडचे, निवृत्तीनंतर सानपाड्याला तळमजल्यावर राहायला आलेले. त्यांच्या खिडकीखाली खाकी कव्हर घातलेली एक निळी फियाट उभी असे. आप्पा ती रोज पुसायचे, आठवड्यातून एकदा सुरू करायचे आणि महिन्यातून एकदा सोसायटीभोवती फिरवून पुन्हा निजवायचे. कोकणात ते ती कधीच नेत नसत, कारण खाऱ्या वाऱ्याने पत्रा सडतो. स्वतःच्या गावी ते एस्टीने जायचे!

आमची मनू तेव्हा चार वर्षांची. राहायला आम्ही कोपरखैरण्याला, त्यामुळे खाडी तिने पाहिली होती आणि तिला ती समुद्रच समजत होती. (खरं सांगायचं तर मीही. मी कराडकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर कालवा.) मे महिन्यात माझ्या बायकोने, सुनीताने, ठरवलं की पोरीला खरा समुद्र दाखवायचा आणि तोही गाडीने. तिने वडिलांकडे गाडी मागितली. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत, असं सासूबाईंनी नंतर सांगितलं. अखेर अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"जावईबापू," ते म्हणाले, "ओरखडा आला तर चालेल. मीठ लागता कामा नये."

मी शब्द दिला. नुसता शब्द नाही, गणितही दिलं. भरतीची वेळ काढायची रीत मला आप्पांनीच शिकवली होती: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीची वेळ. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीन वाजता भरती! मी हे त्यांच्यासमोर तोंडी करून दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जावयाबद्दल जरा बरा भाव आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पनवेल, पेण, वडखळ करत अलिबागच्या पुढे गेलो, तोवर मनूने 'समुद्र कधी येणार' हा प्रश्न इतक्यांदा विचारला की सुनीता उत्तरादाखल फक्त मान हलवू लागली. अकराच्या सुमारास एका लहानशा गावातून, नारळी-पोफळीतून वळण घेतलं आणि समोरचं सगळंच संपलं. झाडं संपली, घरं संपली, रस्ता संपला. उरलं ते नुसतं पाणी. पार आभाळाला जाऊन भिडलेलं.

मनू गप्प झाली. बोलायला लागल्यापासून ही पोर जागेपणी कधी गप्प बसलेली मी पाहिली नव्हती. मीही गप्प झालो. एवढं पाणी आणि कुणी अडवलेलं नाही, कुणी सोडलेलं नाही, याचं मला काही केल्या आकलन होईना. डोळ्यांत पाणी आलं. सुनीताला मी वारा लागतोय असं सांगितलं.

थोड्या वेळाने मनूला वाचा फुटली. तिचं म्हणणं पडलं की गाडीला झाडामागून काही दिसत नाहीये. गाडी आप्पाआजोबांची, तिने कधी समुद्र पाहिलेला नाही, तेव्हा तिलाही दाखवायला हवा.

सुनीता नको म्हणाली. पण खाली ओली वाळू चांगली टणक होती, एक बैलगाडीही तिच्यावरून जाताना दिसत होती. शिवाय माझ्याजवळ गणित होतं. मी गाडी खाली उतरवली आणि पाण्यापासून चांगली शंभर पावलं लांब, तोंड समुद्राकडे करून उभी केली. मग आम्ही मागे सुरूच्या सावलीत चादर पसरली. पुरणपोळ्या निघाल्या, आमरस निघाला.

तेवढ्यात मासळी वाळत घालणारी एक म्हातारी टोपली काखोटीला मारून आमच्याकडे येताना दिसली. ती लांबूनच हातवारे करत होती. मी तिला तोंड उघडू दिलं नाही.

"नको आजी, आम्ही डबा आणलाय."

ती दोन पावलं आणखी पुढे आली. मी आणखी जोरात हात हलवला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं आणि पाठ फिरवून गावाकडे चालू लागली. मी सुनीताला म्हटलं, अशा ठिकाणी ठाम राहावं लागतं.

पुढे सुनीता म्हणाली की पाणी जवळ आल्यासारखं वाटतंय. मी तिला समजावलं, अगं भरती तीनला, आता कुठे साडेबारा. अजून सुरूच झालेली नाही. अर्ध्या तासाने ती पुन्हा तेच म्हणाली. मी डोळ्यांवर रुमाल घेत म्हटलं की समुद्र मोठा असल्यामुळे तो जवळ वाटतो. आमरसानंतर माणूस काहीही सिद्ध करू शकतो.

मला जाग आली ती मनूच्या आवाजाने. ती कमालीच्या कौतुकाने सांगत होती.

"बाबा, आजोबांची गाडी आंघोळ करतेय."

मी रुमाल काढला. मघाशी जिथे वाळू होती तिथे सगळं पाणी होतं आणि पाण्यात आप्पांची फियाट उभी होती. चाकं दिसत नव्हती. एक लाट आली आणि बंपरवरून हात फिरवून गेली. आवाज नाही, गडबड नाही. एवढा मोठा समुद्र मांजरीच्या पावलांनी येऊन पोचला होता!

मी चपलांसकट धावलो. गाडी सुरू झाली, हे तिचे उपकार. मी जोर दिला, तशी मागची चाकं जागच्या जागी फिरून वाळूत रुतत गेली. आणखी जोर दिला, आणखी रुतली. मग ती बंदच पडली. दाराखालून पाणी आत आलं आणि माझ्या पायांवरून पलीकडे गेलं. मी स्टिअरिंगला धरून बसलो होतो. डोळ्यांसमोर समुद्र नव्हता, आप्पांचा चेहरा होता.

तेवढ्यात मघाची म्हातारी परत आली. एकटी नव्हे. बरोबर सात-आठ माणसं, एक बैलजोडी आणि होडीचा जाडजूड दोर. बाई रागावून नव्हे, माणसं जमवायला गेली होती.

"मी तवाच सांगाला आलेली," ती सुनीताला म्हणाली. "तर यो म्हनतो, डबा आनलाय."

जोडीचा मालक एक वाळका म्हातारा होता. त्याने पाण्यात हात घालून दोर मागच्या बाजूला बांधला आणि मला विचारलं की गाडी इथे कुणाच्या सांगण्यावरून लावली. मी त्याला गणित सांगितलं. तिथी, तीन, चार, सगळं. तो शांतपणे ऐकत होता.

"हिशोब बराबर हाय तुमचा," तो म्हणाला. "तीनला भरती. म्हंजे तीनला पानी पुरा भरला. वर चढाला त्यो नवापासनं लागलाय."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. आमच्याकडे कालव्याला तीन वाजता पाणी म्हणजे तीन वाजता दार उघडतं आणि ते आपल्या बांधापर्यंत यायला साडेचार होतात. मी अरबी समुद्राला पाटबंधारे खात्यात घातला होता.

पुढचं सगळं त्यांनी केलं. म्हाताऱ्याने मला स्टिअरिंगवरून उठवलं आणि सुनीताला बसवलं. तिने पदर खोचला आणि कंबरभर पाण्यातून येऊन अशी बसली की जणू भाजी आणायला निघाली आहे. बैल ओढत होते, माणसं रेटत होती, मी त्यांच्यात मिसळून रेटल्यासारखं करत होतो. चौथ्या हिसक्याला गाडी सुटली आणि उलटी चालत, पाणी ठिबकवत कोरड्या वाळूवर आली. मनूने टाळ्या वाजवल्या.

गाडी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायचं ठरलं, पण म्हातारा म्हणाला, जरा थांबा, तीन वाजू द्या. त्याने काठीने वाळूवर एक रेघ ओढली आणि मनूला सांगितलं, "हितवर येल. फुडं नाय."

आम्ही सगळे रेघेच्या अलीकडे बसलो. पाणी येत राहिलं. एक लाट रेघेच्या हातभर पलीकडे थांबली, एक वीतभर पलीकडे. मग एक लाट आली, रेघेला टेकली आणि मागे गेली. त्यानंतरची तिथवर आलीच नाही. मी घड्याळात पाहिलं. तीनला पाच कमी. मी हात जोडले, ते समुद्राला की म्हाताऱ्याला, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सानपाड्याला गाडी परत केली. गोड्या पाण्याने तीनदा धुतलेली, गावातल्या मेकॅनिकने चालू करून दिलेली. काहीतरी बोलायला मी तोंड उघडणार, तोच मनूने आजोबांना सगळं सांगून टाकलं: गाडी कशी पोहली, बैल कसे आले, रेघ कशी ओढली आणि समुद्राने ती कशी ऐकली.

आप्पा गाडीपाशी गेले. त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"बारा वर्षं हिला मिठापासून जपली," ते हळूच म्हणाले. "आणि हिच्यात बसून समुद्र पाहायचा, तो मीही कधी पाहिला नाही." मग मनूला उचलून घेत म्हणाले, "आता लागलंच आहे मीठ. येत्या रविवारी आपण सगळे गावी जाऊ. गाडीने."

आणि खरोखरच गेलो. तिथी आप्पांनी पाहिली. गाडी सुनीताने चालवली. जावयाचा मान म्हणून मला मागची मधली जागा मिळाली. एका बाजूला मनू, दुसऱ्या बाजूला सासूबाई; दाराचं हँडल माझ्या हाताला लागणार नाही, अशी व्यवस्था आप्पांनी स्वतः जातीने केली होती.