कॉफीच्या भांड्याशेजारची यादी

मर्ल हॉकनबेरीने सत्तावीस वर्षं एकाच दुकानात काढली. पेनसिल्वेनियातल्या जुनियाटा नदीकाठच्या त्या दुकानात खिळ्यांपासून हरणाच्या शिकारीच्या सामानापर्यंत सगळं मिळे, आणि त्यातलं काय किती मागवायचं हे मर्ल ठरवी. मालकीण लॉरेन म्हणायची, "मर्लला विचारल्याशिवाय या दुकानात धूळसुद्धा साचत नाही." गावात त्याच्या आकड्याला मान होता. त्याचा आकडा एकदाच साफ चुकला. ते २०१३ साल होतं.

त्या वर्षी देशभर बंदुकीच्या सामानाची टंचाई होती. लोकांनी उन्हाळ्यापासूनच गोळ्या साठवायला सुरुवात केली होती. त्यात आमच्या डोंगराळ भागात घरोघरी असलेल्या पंप बंदुकीची मॅगझिन मिळेनाशी झाली. हाताने मागेपुढे ओढायच्या या बंदुकीला खालून चार गोळ्यांची एक लोखंडी डबी बसते; तीच मॅगझिन. तळव्यात मावेल एवढी वस्तू, म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी ती जंगलात पाडून येतो. एरवी मर्लकडे टोपलीभर असायच्या. त्या वर्षी टोपलीच्या तळाला फक्त एक मेलेली माशी होती.

सप्टेंबरात घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला. "माल थोडा येईल. ज्याची मागणी जास्त त्याला जास्त. मला आकडा दे, आणि भरवशाचा दे."

इतकी वर्षं मर्लची रीत साधी होती. कुणी विचारून रिकाम्या हाताने गेला, की तो खिशातल्या डायरीत गुपचूप एक रेघ मारी. पण रेघेला नाव नसतं. एकच माणूस तीनदा विचारून गेला तर तीन रेघा होतात. या वेळी मर्लला पक्का आकडा हवा होता. म्हणून त्याने एका पाटीला कागद अडकवला, दोन रकाने आखले, एक नावाचा आणि एक नगाचा, आणि ती पाटी कॉफीच्या भांड्याशेजारी खिळ्याला टांगली. गावातला प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी त्या भांड्यापाशी येतोच.

पहिलं नाव लिहिलं ऑर्विल डनलॅपने. वय एक्क्याऐंशी, एकटा. गेल्या शिकारीच्या मोसमात ओढा ओलांडताना त्याची डबी पाण्यात पडली होती.

"एकच ना?" मर्लने विचारलं.

"बंदूक एक, हरीण एक. दोन डब्या घेऊन काय बायकोच्या थडग्यावर ठेवू?"

"आली की पहिला फोन तुम्हालाच करतो."

"कर. एकेक गोळी हाताने भरत बसायला बोटं राहिली नाहीत रे. पहाटेच्या थंडीत ती माझं ऐकतच नाहीत."

पहिल्या आठवड्यात नऊ नावं आणि अकरा नग झाले. मर्ल खूश झाला. हा आकडा खरा होता. हे त्याला नंतर कळलं.

दुसऱ्या आठवड्यात लाकूड वखारीतला ड्वाइट स्ट्रॉसर कॉफी ओतता ओतता यादी वाचत उभा राहिला. "एवढे लोक मागे लागलेत? मला माहीतच नव्हतं." त्याने सहा लिहिले.

"तुझ्याकडे तर ही बंदूकच नाही," मर्ल म्हणाला.

"घेईन की. आधी डबी तर मिळू दे."

ड्वाइटचे सहा पाहून पुढच्याने चार लिहिले. एकाने आपल्या दोनाचे पाच केले. ज्यांनी कधी विचारलं नव्हतं तेही कागदावर बोट फिरवून गंभीर होऊ लागले. तिसऱ्या आठवड्याअखेर नग झाले एकशे त्रेसष्ट. सगळ्या खोऱ्यात मिळून एवढ्या बंदुका तरी असतील का, असा प्रश्न मर्लला पडला. लॉरेनने तो तोंडावरच विचारला.

"ही यादी नाही मर्ल, ही साथ आहे. काढ ती पाटी. आत टेबलावर ठेव."

"राहू दे दोन दिवस. आकडा मोठा असला तर आपल्या वाट्याला जास्त येईल."

मागणी मोजायची तर मोजपट्टी मागणाऱ्याला दाखवायची नसते, हे मर्ल चाळीस वर्षांपूर्वी व्यापारशाळेत शिकला होता. ते त्याला त्या दिवशीही आठवत होतं. पण आकडा फुगला होता आणि त्याला बरं वाटत होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी तो पाटी उतरवायला गेला, तेव्हा पहिल्या ओळीवर सरळ रेघ मारलेली दिसली. ऑर्विलने आपलं नाव खोडलं होतं. मर्ल क्षणभर थांबला. फोन करून विचारावं, असं मनात आलं. मग वाटलं, दुसरीकडे मिळाली असेल. आणि खरं सांगायचं तर, एक माणूस कमी झाल्याने त्याला हायसं वाटलं. त्याने व्यापाऱ्याला एकशे त्रेसष्ट हाच आकडा कळवला; त्या खोडलेल्या एकासकट.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात माल आला. अठ्ठेचाळीस नग. मर्ल यादी घेऊन फोनपाशी बसला. पहिली ओळ खोडलेली, म्हणून दुसरीपासून सुरुवात केली.

एकाला शेजारच्या गावात मिळाली होती. त्याने तिन्ही दुकानांत नाव लिहिलं होतं. एक म्हणाला, "मी लिहिलं होतं? किती?" एकाच्या बायकोने फोनवरच सांगितलं, "त्याच्या बंदुकीला ती बसतच नाही."

ड्वाइट म्हणाला, "एक दे."

"सहा लिहिले होतेस."

"ते तेव्हा. तेव्हा सगळेच लिहीत होते."

शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकोणीस गेल्या. एकोणतीस डब्या टोपलीत पडून राहिल्या. मर्लने तो कागद पुन्हा पाहिला. एकशे त्रेसष्टातली एक नक्की खरी गरज त्याला ठाऊक होती, आणि तिच्यावर रेघ होती.

शनिवारी सकाळी तो खिशात एक डबी घालून ऑर्विलकडे गेला. सोमवारी मोसम उघडणार होता. ऑर्विलने काकवीचा केक कापून पुढे ठेवला. मर्लने डबी बशीशेजारी ठेवली.

ऑर्विलने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "चांगली आहे. पण बंदूक नाही आता."

"म्हणजे?"

"विकली. ड्वाइटला. महिना झाला. तुझी यादी बघितली ना मी. लोकांना चार-चार, सहा-सहा हव्यात, त्यांच्या घरी पोरं शिकारीला जाणारी. म्हटलं, त्यात माझी एक कशाला अडवून ठेवा? आणि डबीशिवाय बंदूक भिंतीवर टांगून काय करू? ड्वाइट म्हणाला, मी सहा सांगितल्यात, मला अडचण नाही."

मर्लने हातातला तुकडा बशीत ठेवला. "एकोणतीस उरल्यात, ऑर्विल," तो म्हणाला. "कुणाला नकोच होत्या. मला दिसत होतं. लॉरेनने सांगितलं होतं. मी पाटी काढली नाही."

ऑर्विलने डबी परत बशीशेजारी ठेवली. मग म्हणाला, "बघ. मी उगाच मोठेपणा केला की."

"मी ड्वाइटकडे जातो. परत मागतो."

"जाशील तर माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस. विकलं ते विकलं."

"मग माझी बंदूक घ्या."

"तुझी? साठ वर्षं एकच बंदूक खांद्याला लागली. आता दुसरीशी ओळख करायला वेळ कुठे आहे?" त्याने केकची बशी मर्लकडे सरकवली. "खा. त्यात तुझा काही दोष नाही."

दोष होता, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणूनच ते वाक्य मर्लला जड गेलं.

सोमवारी गावातले पुरुष अंधारातच डोंगरावर गेले. मर्लने वयाच्या बाराव्या वर्षापासून हा दिवस एकदाही चुकवला नव्हता. या वर्षी तो ऑर्विलच्या स्वयंपाकघरात बसला. ऑर्विलने त्याला कारण विचारलं नाही. फक्त दुसरा पेला काढला आणि मागचं दार किलकिलं ठेवलं. थंडी आत येत होती.

उजाडताच डोंगरावरून एक बार ऐकू आला. मग शांतता.

"हा माणूस धड आहे," ऑर्विल म्हणाला. "एकात काम झालं."

थोड्या वेळाने डावीकडच्या कड्यावरून पाठोपाठ पाच बार झाले. ऑर्विलने पेला खाली ठेवला. चार डबीतले, एक आधीच नळीत भरलेला. तो आवाज त्याने कुठेही ओळखला असता.

"बंदूक माझी, घाई ड्वाइटची," तो म्हणाला. "हरीण गेलं बघ."

मर्ल हसला नाही. तो उठला, दार लावायला गेला.

"राहू दे उघडं," ऑर्विल म्हणाला. "अजून गोळ्या भरेल तो."