भर बाजारात दिलेली माफी

सूड घ्यायचा असेल तर माणसाला माफ करावं, आणि ते लाउडस्पीकरवरून करावं. मी केलंय. नव्वदच्या दशकात, लोणंदच्या भर बाजारात. आजही आठवलं की पोटात गुदगुल्या होतात.

माझी आई बायबलबाई होती. बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन बायकांना येशूच्या गोष्टी सांगणारी, मिशनने नेमलेली बाई. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रंगीत चित्रांची गुंडाळी. कुठल्याही दाराच्या खिळ्याला ती लटकवायची, की हरवलेलं मेंढरू, वादळातली होडी, विहिरीवरची बाई, सगळे ओळीने हजर. आईने कधी कुणाशी वाद घातला नाही. ‘तुमचा देव खोटा’ हे वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलं नाही. ती आधी समोरच्या बाईबरोबर तांदूळ निवडायला बसायची, मग गोष्ट सांगायची, आणि उठताना विचारायची, “कशासाठी प्रार्थना करू, ताई?”

आणि बायका सांगायच्या. सासूचं, सवतीचं, दारूचं, रिकाम्या पाळण्याचं. धर्म कुणी बदलत नव्हतं, पण मन मोकळं करायला बायबलबाई सगळ्यांना हवी होती. आई डोळे मिटून हळू आवाजात ते सगळं देवाच्या कानावर घालायची आणि तिथेच ठेवून यायची. घरी आल्यावर चकार शब्द नाही. मी लाडीगोडी लावली, रुसून बघितलं. “देवाला सांगितलंय,” ती म्हणायची, “तुला कशाला?”

आता खलनायक. कांद्याचा आडत्या. सगळे त्याला शेठ म्हणत. सौदे सुरू झाले की त्याचा आवाज रेल्वे स्टेशनात ऐकू जायचा. त्याची बायको मात्र मांजरीच्या पावलांची. एका दुपारी तिने काहीतरी सांगितलं, आई डोळे मिटून प्रार्थना करत होती, आणि नेमके शेठ दारात उभे राहिले. प्रार्थना त्यांच्यासाठीच चालली होती, आणि आपलं नाव त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून शेठनी बाजारात सुरू केलं, “ती बाई एका घरचं ऐकती अन् दुसऱ्या घरी वतती. संबाळून ऱ्हावा.”

आईला कुणी बाटवणारी म्हटलं असतं तर ती हसली असती. ते तिने खूप ऐकलं होतं. पण चहाडखोर! ज्या बाईचं सगळं काम लोकांच्या विश्वासावर, तिच्यासाठी हा शब्द म्हणजे विहिरीत टाकलेलं मेलेलं कुत्रं. दारं बंद झाली. बायका घरातूनच ओरडून सांगायच्या, “घरात कोण न्हाई, बाई!” चर्चचे पाळकसाहेब एकदा येऊन आईला म्हणाले, “बाई, लोक दारात उभं करत नसतील तर हे काम इथे थांबवावं लागेल.” आईने चित्रांची गुंडाळी फडताळात ठेवली आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

मी तेव्हा सांगलीला एका दवाखान्यात नर्स होते. सुटीवर आले तर हा प्रकार. शेठच्या गादीखाली खाजखुजली टाकण्यापासून सौद्यात त्यांच्यावर सडका कांदा फेकण्यापर्यंत सगळे बेत करून झाले. आई म्हणाली, “आपण माफ करायचं असतं.”

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. बरं, करूया की!

त्याच आठवड्यात सांगलीहून आमची कीर्तनमंडळी आली. पेटी, तबला, दोन कर्णे, आणि धोतर-पागोट्यातले ख्रिस्ती कीर्तनकार. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आडतीसमोरच कीर्तन रंगलं. कांद्याची पोती उतरवणारे हमालसुद्धा टाळ्या देत होते. आमच्यात कीर्तनानंतर साक्ष असते. म्हणजे कुणीही साध्या माणसाने उठावं आणि प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं ते सांगावं. साक्ष देणाऱ्याला कुणी अडवत नाही, कीर्तनकारही नाहीत. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पदर खोचला आणि माईक हातात घेतला. आईला वाटलं, मी नर्सिंगची परीक्षा कशी पास झाले ते सांगणार.

“मायबाप हो,” मी म्हणाले, “आज मी एका माणसाला माफ करायला उभी आहे. ते बघा, पोत्यांच्या थप्पीला टेकलेत, ते आपले शेठ. हात वर करा शेठ, मागच्यांना दिसू द्या!”

लोक वळून बघायला लागले. शेठनी हात वर केला नाही, पण टोपी सावरली.

“यांनी माझ्या आईला चहाडखोर म्हटलं. मी माफ केलं!” पेटीवाल्याने उगीचच एक सूर धरला. “तिला दारात कुणी उभं करेना. माफ केलं!” पुन्हा सूर. “माझी आई उपाशी झोपली. माफ केलं!” आता तबलजीनेही थाप दिली. देवाशपथ, पण आम्ही शपथ घेत नाही, इतकं सुख मला जन्मात मिळालं नव्हतं. शेठचा चेहरा लाल कांद्याला मागे टाकत होता.

“आणि आता सांगते, शेठनी हे का केलं...”

मला एवढंच म्हणायचं होतं, की शेठना प्रार्थना म्हणजे काय ते कळलं नाही. पण शेठ थप्पी सोडून पुढे झेपावले.

“ए पोरी! बास! त्ये सांगू नगंस!”

मग मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, “काय सांगू नगं, शेठ?”

“काय न्हाई.”

“मग एवढं धावत कशापाय आला?”

“तिच्या आयनं तिला सांगितलंच आसंल की!”

“मला काहीच माहीत नाही!” मी माईकवरूनच ओरडले, आणि त्यात जळफळाट खरा होता. त्या क्षणी ती गोष्ट ऐकण्यासाठी मी माझा महिन्याचा पगार दिला असता.

आई उठून उभी राहिली. “शेठ, मी कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या मुलीलासुद्धा.”

म्हातारीने जुडी खाली ठेवली. “म्हंजी गोस्ट हाय. बाईला ठावं हाय. अन् शेठनं एवढी अब्रू काढली, तरी बाईनं तोंड उघाडलं न्हाई. आन् आमी तिला दारातनं परत लावली व्हय गं?”

हे तिने शेजारच्या बायकांना विचारलं होतं. बायका खाली बघत होत्या. माझं काम झालं होतं.

पण शेठ आडत्या होते, हरलेला सौदाही ते सुखाने सोडणार नव्हते. “मी कवा मागितली माफी?” ते म्हणाले. “न मागता देतीस व्हय? आसली कसली माफी?”

प्रश्न चोख होता. पुरुषांच्या गर्दीसमोर कधी न बोललेल्या आईने माझ्या हातातून माईक घेतला.

“शेठ, आमच्याकडे माफी आधी येते,” ती म्हणाली. “आम्ही देवाकडे पाठ करून उभे होतो, काही मागतही नव्हतो, तेव्हा तो आमच्याकडे आला. हेच सांगत मी घरोघर फिरते. दुसरं माझ्याकडे काही नाही.”

“म्हंजी फुकाट.”

“तुम्हाला फुकट. त्याने किंमत वधस्तंभावर मोजली. फुकटचा माल कुणाला तरी महाग पडलेला असतो, हे तुम्हाला मी काय सांगू?”

शेठ परत थप्पीकडे वळले. हमाल हसले, पण मोठ्याने नाही.

दुसऱ्या सकाळी मेथीवाल्या म्हातारीचा निरोप आला, “बाईला म्हणावं चितरं घिऊन या.” आईने फडताळातून गुंडाळी काढली. पिशवी खांद्याला लावून ती निघाली ती थेट शेठच्या घराकडे.

“तिकडे कशाला?” मी मागे धावले.

“तुझा तमाशा काल संपला,” ती न थांबता म्हणाली. “त्या बाईला त्याच घरात राहायचंय.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दार शेठनीच उघडलं. त्यांनी आईकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग आत हाक मारली, “अगं, बाई आल्यात. च्या टाक.” आणि आम्हाला म्हणाले, “मी भाइर बसतो. तुमी बोला.” मागून त्यांच्या बायकोने डोकावलं. तिचा चेहरा शाबूत होता, उलट ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मी आत पाऊल टाकलं, तर आई म्हणाली, “तूही बाहेर बस.”

दार लागलं. ओट्याच्या एका टोकाला शेठ, दुसऱ्या टोकाला मी. आतून कुजबुज येत होती, अक्षरही कळत नव्हतं. शेठ घसा खाकरत होते, मग सरकत जरा जवळ आले.

“पोरी,” अख्ख्या बाजारावर गरजणारा तो माणूस पुटपुटला, “खरं सांग. तुला ठावं न्हाई न्हवं?”

मी पदराने कपाळ पुसलं. समोरून एक बैलगाडी चालली होती, ती वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “नाही, शेठ.”